पाचवा टॉवेल

आमच्या गल्लीतून कोणी बिऱ्हाड हलवायचं ठरवलं, की ट्रकवाल्याच्या आधी हामासाकीबाईंना कळतं. टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या या एकाहत्तर वर्षांच्या बाईंचं म्हणणं असं, की माणूस कसाही आला तरी चालतो, जाताना मात्र नीट गेला पाहिजे. येताना त्याला कोण ओळखतं? आजवर त्यांनी अकरा कुटुंबं मार्गी लावली. त्यातली दोन तर इतकी नीट गेली, की ती आम्हाला कधीच आवडली नव्हती हे आठवायला गल्लीला वर्ष लागलं.

नियम ठरलेले. समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंचं एकेक. आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, पाचच्या आत. जाणाऱ्याने प्रत्येक घरी निरोपाचा एक टॉवेल द्यायचा, पांढऱ्या कागदात गुंडाळलेला. टॉवेल बेताचाच हवा. भारी दिला की घेणाऱ्याला परतभेट द्यावी लागते, आणि ट्रकमागे धावायचं आमच्या गल्लीचं वय राहिलेलं नाही.

जुलैत नित्ता कुटुंबाची पाळी आली. नवऱ्याची बदली सेंदाईला झालेली. तो आत खोक्यांवर नावं लिहीत होता, मी दोऱ्या बांधत होतो, आणि हामासाकीबाईंनी त्याच्या बायकोला, नात्सुएला, टॉवेल गुंडाळायला बसवलं होतं. तिने चारच गुंडाळले.

"कुवाबारा-सानकडे मी जाणार नाही."

"अगं, भिंतीला भिंत लागून घर आहे त्यांचं."

"म्हणूनच. काय ते तोंडावर सांगायचं होतं. चिठ्ठी कशाला टाकायची?"

चार वर्षांपूर्वी नित्तांच्या टपालपेटीत बिननावाची चिठ्ठी पडली होती: पाचनंतर कृपया पियानो वाजवू नये. पियानो नात्सुएने माहेराहून आणलेला. चिठ्ठीनंतर तिने तो पाचनंतरच काय, कधीच वाजवला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या कुवाबारांना ती तेव्हापासून नखभरच मान झुकवत असे. आमच्याकडे भांडण ते एवढंच, पण ते सगळ्यांना दिसतं.

चिठ्ठी कुवाबारांनी लिहिलेली नव्हती. हे गल्लीत दोघांनाच माहीत होतं: लिहिणाऱ्या हामासाकीबाईंना, आणि पेन उसनं दिलं म्हणून मला. तक्रार कोपऱ्यावरच्या घराची होती. ते घर केव्हाच रीतसर टॉवेल वाटून गेलं होतं. सही केली तर नात्सुएला वाईट वाटेल, म्हणून बाईंनी ती केली नव्हती.

कुवाबारा त्र्याऐंशीचे. सेंदाई लांब. उद्या ट्रक निघाला की विषय कायमचा संपला.

हामासाकीबाईंनी पाचवा टॉवेल स्वतः गुंडाळायला घेतला, आणि मध्येच ठेवून दिला. बैठकीवरून खाली सरकून त्यांनी दोन्ही हात चटईवर टेकले, त्यावर कपाळ टेकवलं.

"ती चिठ्ठी माझी."

आतून नवरा खोकं सोडून दारात आला.

"चार वर्षं?" नात्सुए म्हणाली.

"आणि तीन महिने."

"आणि तुम्ही मला निरोप घ्यायला शिकवताय."

"दुसऱ्याला शिकवणं सोपं असतं गं."

नात्सुएने त्या पांढऱ्या अंबाड्याकडे पाहिलं. मग तिने टॉवेल स्वतःकडे ओढला. "उठा, हामासाकी-सान. कोपरा वाकडा दुमडलाय तुम्ही."

कुवाबारांच्या दारात आम्ही पाचला दहा कमी असताना पोचलो. नात्सुए कमरेतून वाकली आणि वाकलेलीच राहिली. बाईंनी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. सवयीने ते सोपं होत नाही, असं दिसलं.

"कसली चिठ्ठी?" म्हातारबुवा म्हणाले. "मी खिडकी उघडी टाकून ऐकायचो. एक दिवस पियानो थांबला. मला वाटलं, माझं ऐकणं तुम्हाला खपलं नाही. तेव्हापासून बंद ठेवतो खिडकी."

"उन्हाळ्यातसुद्धा?" नात्सुएने विचारलं.

"पंखा आहे."

ट्रकसाठी पियानोला गुंडाळलेली पांघरुणं त्या संध्याकाळी सोडली गेली. कुवाबारांची खिडकी दोनदा अडली. लाकूड फुगलं होतं. नात्सुएची बोटंही अडली, पण मग दोन्ही मोकळी झाली.

हामासाकीबाई माझ्या पायरीवर येऊन बसल्या.

"साडेपाच होऊन गेले," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून एक जाड काळं पेन काढून माझ्या हातात दिलं. "हे तुला परत द्यायचं राहून गेलं होतं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिल्या.