भुकटीवरचा थेंब

ऑफिसात आग विझवायचे लाल सिलिंडर भरताना थोडी पांढरी भुकटी सांडली आणि मला पवनीच्या यमुनाबाई आठवल्या.

भंडाऱ्याजवळच्या कारखान्यात त्या हीच भुकटी तपासायच्या. ताटलीत पसरून वर पाण्याचे थेंब सोडायच्या. तलावातल्या कमळाच्या पानावर बसतात तसे ते बसले, तरच माल पास. माहेर मासे धरणाऱ्यांचं. पाण्याकडे त्या तासन्‌तास बघू शकत.

मी तिथे माल रवाना करायचो. एके दिवशी थेंब भुकटीत मुरले.

"ट्रक उभा आहे, सही करा," मी चिडलो.

"आगीसमोर जो उभा राहीन, त्याच्या नळीत ओल धरलेल्या भुकटीचा गोटा अडकला तं तो कोनाकडं पाहीन, बाबू?"

ट्रक रिकामा गेला. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता.

आज सांडलेल्या भुकटीवर मी बोटाने थेंब सोडला. तो तसाच बसून राहिला. म्हणजे कुठेतरी अजून कुणीतरी ट्रक थांबवतं आहे.