पिंजाऱ्याची लेक

शाळेच्या फाटकात उभ्या राहून आपा पोरांच्या आधी मास्तरांची हजेरी घ्यायच्या. नमस्कार नंतर, चहा नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "झोप लागली का?" कोणी "लागली" म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांत बघायच्या आणि म्हणायच्या, "खोटं सांगू नका." आणि खरंच लागलेली नसली तर, "पहिला तास मी घेते. तुम्ही निंबाखाली पडा जरा. बिनझोपेचा मास्तर म्हणजे पोरांच्या पाठीवर वळ. मला नाही चालायचं ते."

जळगावहून बदली होऊन मी तिथं गेलो त्या सकाळी मलाही त्यांनी हेच विचारलं. मी म्हणालो, "मस्त झोपलो, मॅडम." मनात म्हटलं, काय बाई आहे! नाव-गाव विचारायच्या आधी माझ्या उशीची चौकशी. त्यांनी मला वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "आज झोपला असाल, भाऊ. महिनाभरानं परत विचारते." महिनाभरानं त्यांनी परत विचारलं तेव्हा मी सरळ निंबाखाली जाऊन पडलो.

शकिला आपा आमच्या मुख्याध्यापिका. शाळा कसली, पत्र्याची तीन शेडं. धरणाच्या पाण्यात एक अख्खं गाव गेलं, आणि तिथल्या लोकांना या माळावर आणून टाकलं. नवं गावठाण होईपर्यंत सहा महिने काढा, असं सांगितलं होतं म्हणे. मी गेलो तेव्हा सहावं वर्ष चालू होतं. कागदावर नाव 'तात्पुरता निवारा', लोक म्हणायचे छावणी. दुष्काळातल्या चारा-छावणीची आठवण काढून एक आबा मला म्हणाले होते, "मास्तर, गुरंसनी छावणीबी पाऊस पडना की उठस. आमनी उठतच नही."

मार्चपासून पत्रा असा तापायचा की पोरं बाकांवरून उठून जमिनीवर पाठ टेकायची. पाण्याचा टँकर आला आणि पाइपातून धो धो आवाज सुरू झाला की चौथीतली एक पोर दप्तर घेऊन बाकाखाली शिरायची. कुणाचा बाप बाटलीला लागलेला, कुणाची आई दिवस दिवस बोलत नाही. पोरं हे सगळं शाळेत घेऊन यायची आणि मास्तरापुढं ओतायची. बरोबरच आहे, दुसरीकडं कुठं ओतणार? पण मास्तरानं कुठं ओतायचं? कोणी विचारलं हे? इथंच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सहा वर्षांत त्या शाळेत पोषण आहाराचे तांदूळ तपासायला लोक आले, फळ्याला रंग आहे का बघायला आले, संडासाचे फोटो काढायला आले. शिक्षक जिवंत आहे का मेलाय, हे बघायला एक जण आला असेल तर शपथ.

आपा मूळच्या शिरपूरच्या. वडील पिंजारी. धनुकली खांद्यावर टाकून दारोदार जायचे, लोकांच्या गाद्या उसवून जुना कापूस पिंजून द्यायचे. आपा लहानपणी त्यांच्याबरोबर हिंडलेल्या. शनिवारी अर्धी शाळा सुटली की त्या आम्हा मास्तरांना थांबवून घ्यायच्या, शेडाच्या सावलीत सतरंजी टाकायच्या आणि म्हणायच्या, "चला, पिंजायला बसू. अब्बा सांगायचे, कापूस दाबून भरला की त्याच्या गाठी होतात, अन् गाठींवर झोप लागत नाही. गादी नवी घेऊन उपयोग नाही. उसवावी लागते."

नियम दोनच. प्रत्येकानं आठवड्यातली एक गाठ सांगायची, आणि ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही. "होईल सगळं ठीक" असं कोणी म्हणालं की आपा हातातली पेन्सिल त्याच्या गुडघ्यावर मारायच्या. पहिल्या शनिवारी मला हा सगळा बायकी प्रकार वाटला. मग पाटील गुरुजी बोलायला लागले. पाटील गुरुजी म्हणजे निवृत्तीला टेकलेला, शेती सांभाळून नोकरी केलेला, दिवसभर टिंगल करणारा माणूस. म्हणाले, "एक पोरगं मंगळवारपासून रडत होतं. त्याला त्यांची जुनी विहीर बघायची होती. मी म्हटलं, गप बस. ते गप बसेना. मी मारलं. जोरात मारलं. माझा हात..." आणि त्यांनी तो उजवा हात मांडीखाली दाबून धरला. तो हात त्यांनी शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. आपा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. सोमवारी गुरुजी त्या पोराला सायकलवर बसवून धरणाच्या काठाला घेऊन गेले.

आमच्यात चौथी सुनंदा. कंत्राटी शिक्षिका, वय चोवीस, आणि त्याच बुडालेल्या गावची. आई नाही. वडिलांबरोबर, म्हणजे नानांबरोबर, सात नंबरच्या शेडात राहायची आणि तीन नंबरच्या शेडात शिकवायची. आम्ही निदान संध्याकाळी एसटीत बसून आपापल्या बिऱ्हाडी जायचो. तिला शाळा सुटली तरी छावणीच होती.

तिसरीला 'माझ्या गावाचा नकाशा' शिकवायचा होता. सुनंदानं फळ्यावर चौकोन आखला आणि पोरांना म्हणाली, काढा आपापलं गाव. एका पोरीनं विचारलं, "बाई, कोनतं काढू? पानीमा गयं ते, का हाई?" सुनंदा खडू हातात घेऊन उभी राहिली. तास संपला तरी उभीच. त्या दिवसापासून तिची झोप गेली. जेवण जायचं नाही. नाना येऊन आपांना म्हणाले, "पोर रातभर बशीन ऱ्हास. तुम्हीच काहीतरी करा."

आपांनी तिला महिन्याची रजा द्यायचं ठरवलं. अर्ज लिहायला बसल्या तेव्हा पाटील गुरुजी म्हणाले, "आपा, मलेरिया लिहा. मलेरियाला कोणी प्रश्न विचारत नाही." आमच्याकडं मन बिघडलं की मलेरियाच होतो. तीस वर्षं सगळे तेच लिहीत आले. आपा ताडकन म्हणाल्या, "डासानं केलेलं नाही ते डासाच्या नावावर का घालू? ज्यानं केलं त्यानं वाचू दे." आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'मानसिक ताणामुळे'. खाली आणखी एक मागणी जोडली, की आठवड्यातून एकदा शिक्षकांशी बोलायला कोणी जाणकार पाठवावा. पोरांसाठी नव्हे, शिक्षकांसाठी.

रजा आली नाही. जाणकार आला नाही. आलं काय, तर मोबाइलवर प्रशिक्षण! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. 'आनंदी शिक्षक' असं नाव, पाच व्हिडिओ बघायचे आणि शेवटी ठिकाण दिसेल असा आपला हसतमुख फोटो पाठवायचा. छावणीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. सत्तावन्न वर्षांचे पाटील गुरुजी लोखंडी शिडी चढून वर गेले आणि हसले. मीही हसलो. सुनंदा वर आली, फोन समोर धरला, ओठ ताणले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. एकदा, दोनदा, चारदा. आपांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. "राहू दे पोरी. खाली चल."

पंधरा दिवसांत सुनंदाच्या नावानं कागद आला. प्रशिक्षण अपूर्ण का ठेवलं याचा खुलासा करावा, आणि आपण मानसिकदृष्ट्या अध्यापनास पात्र असल्याचा दाखला जोडावा, अन्यथा करार पुढे चालू ठेवता येणार नाही. म्हणजे खरं लिहिलं म्हणून शिक्षा! ती नोकरी गेली असती तर सुनंदाकडं त्या सात नंबरच्या शेडातला एक कोपरा उरला असता, बस. लाज वाटायला हवी होती कागदावर सही करणाऱ्याला.

पण लाजेचं मी दुसऱ्याला काय सांगू? चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब आले तेव्हा आपा टँकरवाल्याशी बोलायला बाहेर गेल्या होत्या. साहेबांनी मला विचारलं, "काय सर, इथं खरंच काही त्रास आहे की मोठ्या बाई उगाच वाढवून लिहितात?" सुनंदा दारात उभी होती. जळगावला परत बदली मिळावी म्हणून माझा अर्ज याच साहेबांच्या टेबलावर पडलेला. मी म्हणालो, "नाही साहेब, तसं सगळं ठीक आहे."

आपांना कळलं. मला वाटलं, ओरडतील. त्या माझ्यासमोर बाकावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बोलण्यानं साहेबांना बरं वाटलं. सुनंदाला काय वाटलं?" शिव्या घातल्या असत्या तर परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा लिहून आणला. सुनंदाचा नव्हे, स्वतःचा. 'झोप लागत नाही म्हणून माझी शिक्षिका अपात्र ठरत असेल, तर मीही अपात्र आहे. गेली चार वर्षं मला सलग दोन तासांवर झोप लागलेली नाही. तपासणी आधी माझी करावी.'

आम्ही तो कागद वाचला आणि कुणाला तोंड वर करवेना. रोज सकाळी फाटकात आमची झोप विचारणारी ही बाई. तिला आम्ही एकानंही, कधी, एकदासुद्धा उलट विचारलं नव्हतं. शनिवारी सगळ्यांच्या गाठी सुटायच्या आणि त्या पेन्सिल घेऊन ऐकत बसायच्या. आम्हाला वाटायचं, आपांना काय होतंय! आपा खंबीर! खंबीर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, हे आपल्याला फार छान जमतं.

पाटील गुरुजींनी पेन काढलं. "मला पण लागत नाही," असं म्हणून त्याच उजव्या हातानं सही केली. मग कागद माझ्याकडं आला. माझा हात थबकला, हे लपवत नाही. जळगाव डोळ्यांसमोर आलं, घर आलं, तो अर्ज आला. दारात सुनंदा होती. मी सही केली आणि खाली लिहिलं, 'साहेबांना मी खोटं सांगितलं होतं.'

चौघांनाही अपात्र ठरवलं असतं तर शाळेला कुलूप लागलं असतं, आणि त्या शेडांत यायला दुसरा कोणी तयार नव्हता. दया-माया काही नाही, नुसती अडचण. सुनंदाचा करार राहिला, महिन्याची रजा मिळाली. धुळ्याच्या सिव्हिलमध्ये आपा तिला स्वतः घेऊन जायच्या. तिथं एक डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी गोळ्या दिल्याच, पण बोलतंही केलं. सुनंदा परत आली. तिसरीच्या पोरांना म्हणाली, "दोन्ही गावं काढा. कागद दोन घ्या."

आणि आपांची बदली झाली. 'प्रशासकीय कारणास्तव', जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली असताना. वर तक्रार करू म्हटलं तर म्हणाल्या, "भाऊ, तिथंही मास्तर असतीलच की." शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण, नारळ, शाल, काही करू दिलं नाही. सुनंदाला हाताला धरून फाटकात उभं केलं आणि सांगितलं, "उद्यापासून इथं तू. 'लागली' म्हटलं की लगेच सोडू नको कुणाला."

उशिरानं का होईना, माझी बदली झाली; मी आता जळगावच्या मोठ्या शाळेत आहे. पक्की इमारत, पंखे, सगळं. यंदाही ते आनंदी प्रशिक्षण आलं, आणि स्टाफरूममध्ये सगळे फोन समोर धरून दात दाखवत होते. मी उठून बाहेर आलो. शनिवार होता, शाळा सुटत आली होती. आपांना फोन लावला. दर शनिवारी लावतो. ख्यालीखुशाली नंतर, आधी एकच.

"आपा, झोप लागली का?"

"लागली की, भाऊ. मस्त लागली."

"खोटं सांगू नका."

पलीकडं त्यांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "नाही लागली. वेळ आहे का तुम्हाला? बसा, सांगते."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो.