बाबांनी मेंडोलिन बदललं

गेल्या शनिवारी बल्लारपूरहून चंद्रपूरला गेलो... मी, आई आणि बाबा. आईची कानातली मशीन सारखी शिट्टी मारत होती, ती दुरुस्तीला द्यायची होती. जाताजाता बाबांनी त्यांचं मेंडोलिनपण काखेत मारलं.

हे मेंडोलिन माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे बरं का! बाबा मिलमध्ये नोकरीला होते, आणि सुट्टी मिळाली की भीमगीतांच्या पार्टीसोबत गावोगाव. ब्रह्मपुरीपासून सिरोंचापर्यंत वाजवलंय त्यांनी. आता मात्र त्याची मान वाकलीय, तारा इतक्या वर आल्यात की दाबताना बाबांची बोटं सोलून निघतात.

आईची मशीन दिली आणि शेजारीच वाद्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदार भाऊ म्हणाले, मान बदलावी लागेल, मग आवाज तोच राहील याची गॅरंटी नाही. मग आतून एक नवीन काढलं... हुबेहूब त्याच जुन्या मॉडेलसारखं. जुनं त्यांना द्यायचं आणि हे घेऊन जायचं. जुनी वाद्यं जमवायचा शौक आहे म्हणे त्यांना.

माझं डोकंच सटकलं. बाबा, काही नाही द्यायचं, वाजवू नका पण घरात राहू द्या... मी दुकानातच सुरू झाले. 

बाबांनी आधी जुनं वाजवलं. काय तो आवाज हो... मऊ, थोडा बसलेल्या गळ्यासारखा. मला तर भरूनच आलं.

मग नवीन घेतलं. खणखणीत, पण कोरडं. बाबांनीही नाक मुरडलं. म्हटलं चला, सुटलो!

तेवढ्यात स्टुलावर बसलेली आई बाबांकडे वळली. कानात मशीन नाही, काही नाही.

"का जी, काऊन थांबले? वाजवा ना. मले आयकू येऊन राह्यलं."

 बाबांनी पुन्हा जुनं वाजवून पाहिलं, तर तिने मान हलवली, "आता नाई." नवीन वाजवलं, तर हसली.

खरं सांगू? आईने बाबांचा एकही कार्यक्रम ऐकलेला नाही. बाबा पार्टीत, आणि आम्ही तीन पोरं तिच्या गळ्यात. तिला कोण नेणार होतं? तिने कधी म्हटलं नाही, आणि आम्हा शहाण्यांना कधी सुचलं नाही.

बाबांनी जुन्या मेंडोलिनवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "घ्या भाऊ. जपून ठेवा याले."  मी तोंड उघडणार, तर मला हातानेच थांबवलं.

"लय गावायले आयकवलं बाई याच्यावर. आता हिले आयकवतो."

मी दुकानाबाहेर येऊन डोळे पुसले.

आता रोज सकाळी चहा झाला की दोघं अंगणात बसतात. काल आईने एकच गाणं तीनदा वाजवायला लावलं, आणि बाबांनी मुकाट्याने वाजवलं. स्वयंपाकघरातून ऐकताना मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...