तिसरी भाकरी

अंबडला दवाखाना टाकला तेव्हा वाटलं, खोकला-तापातच जन्म जाणार. मग शुगर आणि वजन उतरवणारं, आठवड्याला एकदा टोचायचं ते इंजेक्शन आलं आणि किश्श्यांचा नुसता ढीग लागला. औषध तसं सरळ आहे. जेवलं की आतडं शरीराला 'बस' असा निरोप धाडतं, हे त्या निरोपाची हुबेहूब नक्कल करतं. पण आपल्याकडे 'बस' म्हटल्यावर कधी कोणी थांबलंय का!

एका व्यापाऱ्याला इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवा म्हणालो. त्यानं ते बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. गोठलेलं औषध फेकावं लागलं. "तुम्ही थंड ठेवा म्हणले, म्या बराबर जास्त थंड ठेवलं," म्हणाला. कामात कुचराई नाही.

एका मास्तरांनी सकाळी इंजेक्शन घेतलं आणि दुपारी लग्नाच्या पंगतीत बसले. औषध घेतलंय, म्हणजे जिलेबीला मोकळीक, असा त्यांचा समज. संध्याकाळी उलट्या करत माझ्या दारात. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "डॉक्टर, माल असली आहे."

आमच्या नामदेवरावांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मोसंबीची बाग सांभाळणारा रांगडा माणूस, पण पायाची जखम भरेना. बोट कापावं लागतं की काय, अशी मला धास्ती. इंजेक्शन सुरू केलं, शुगर उतरली, जखम सुकू लागली. अन् एक दिवस त्यांच्या बायको कौसाबाई एकट्याच आल्या. इंजेक्शन बंद करा म्हणाल्या.

कारण विचारलं तर डोळ्यांना पदर. लग्न झाल्यापासून नवरा दोन भाकरी खायचा, तिसरीला नको म्हणायचा, त्या वाढायच्याच आणि तो खायचाच. आता एकीतच हात धुतो.

"आधी वाटलं, रुसले. रुसलेले बी न्हाईत. मंग म्या समोर बसून करू काय?"

मला खरंच वाईट वाटलं. पण पायाचं बोट वाचवायचं होतं. इंजेक्शन बिलकुल सोडायचं नाही, असं समजावून सांगितलं. त्या उठून गेल्या.

महिन्याभरानं जोडीनं आले. जखम भरलेली, शुगर ताब्यात. नामदेवराव एकदम खुशीत.

"डॉक्टर, पुन्हा तीन भाकरी खाऊन राह्यलो!"

मी घाबरून कौसाबाईंकडे बघितलं. त्यांनी आपला तळहात उघडून माझ्यापुढे धरला आणि त्यावर बोट फिरवून भाकरीचा आकार दाखवला. पुरीएवढा.

"तिसरीला अजून नकोच म्हणतेत," त्या म्हणाल्या. "म्या वाढतेच."