भिकनभाऊंचे चार अंश

गोडादऱ्यात भिकन पाटलांचं गॅरेज आहे. त्याआधी वीस वर्षं ते पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. धागा नेमका कुठे तुटतो हे बघितल्याशिवाय त्यांनी कधी मागाला पाना लावला नाही. गाड्यांनाही ते तोच नियम लावतात. मला इंजिनातलं फारसं कळत नाही. लिहितो ते बहुतेक त्यांच्याकडूनच ऐकलेलं.

माझा भाचा भूपेंद्र जुनी पेट्रोल गाडी घेऊन कडोदऱ्याजवळच्या मैदानात मातीतल्या शर्यतीला उतरतो. गेली दोन वर्षं तो पहिल्याच फेरीत बाद झाला होता. यंदाही तसंच झालं तर गाडी विकायची, असं त्याने घरी कबूल केलं होतं. म्हणून सगळ्यांत तेज कॅमशाफ्ट आणि मनगटाएवढा सायलेन्सरचा पाइप बसवून घ्यायला तो भिकनभाऊंकडे आला.

"आधी मला शेजारी बसव," ते म्हणाले.

मैदानात पाच चकरा झाल्या. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा जिथे घुटमळे, तिथे मीटरच्या काचेवर ते खडूची बारीक रेघ ओढत. सगळ्या रेघा तीन ते पाच हजारांच्या मध्ये दाटल्या. सात हजारांजवळ एकही नव्हती.

टर्बो नसलेलं इंजिन स्वतःच्या दमावर हवा ओढतं, त्यांनी समजावलं. व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे ते कॅम ठरवतो. तेज कॅमला जोर येतो तो सात हजारांवर, आणि जाड पाइपात खालच्या वेगाला धूर रेंगाळतो. या वळणांवर दोन्ही ओझंच. त्यांनी मध्यम कॅम निवडला, पाइप आधीच्यापेक्षा जरासाच मोठा.

"काका, आवाज शिलाई मशीनसारखा येईल," भूपेंद्र कुरकुरला.

"मग तू शर्यत ऐकायला जातोस का?"

शर्यतीच्या सकाळी सरावात गाडी वळणातून सुसाट निघाली, पण सरळ पट्ट्यावर तिचा जीव गेला. भूपेंद्रचा चेहरा उतरला. लूमवाल्याला गाडी दिली की असंच होणार, असं बघ्यांपैकी कोणीतरी बोललं. भिकनभाऊ बराच वेळ कॅमच्या पुलीकडे बघत राहिले. मागाचं सगळं मोजमाप क्रँकवर, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्यावर करतात. व्हॉल्व्ह जरा लवकर उघडावेत म्हणून त्याच सवयीने त्यांनी कॅम चार अंश, म्हणजे पुलीवरच्या चार खुणा, पुढे घेतला होता; पण त्या खुणा कॅमच्या अंशांच्या होत्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच होते, म्हणून तो क्रँकच्या मापाने आठ अंश, हवा त्याच्या दुप्पट पुढे गेला होता, आणि वरच्या वेगाला इंजिनाचा दम तुटत होता.

दोष खराब पेट्रोलवर ढकलला असता तरी कोणाला कळलं नसतं. मी तेच केलं असतं.

ते सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी आहे. लूमची सवय. वीस मिनिटं दे."

पुली दोन खुणा मागे आली. भूपेंद्र सेकंदाच्या तीन दशांशांनी पुढच्या फेरीत गेला. गाडी घरात राहिली. तो पाया पडायला वाकला, तेव्हा भिकनभाऊ बॉनेटखाली वाकून, पुलीशेजारी पांढऱ्या रंगाने लिहीत होते : खूण कॅमची आहे. पुढे जो कोणी ही गाडी उघडेल, त्याच्यासाठी.