मावशीने तोडलेली फळं

फोन आला तेव्हा मी रिचमंड हिलला घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. ग्वादलूप बेटावरून रेजिनामावशीच्या यजमानांचा, इनासकाकांचा, फोन होता. "रेजिना गेली रे," ते म्हणाले. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले, फादर येऊन गेले. त्यांच्या मुलीला, शार्लीनला, घेऊन मिळेल त्या विमानाने निघतो, असं मी म्हणालो. काका म्हणाले, "या. आता ठेवतो. सकाळी तिने तोडलेली कॉफीची फळं दारात आहेत. आजच सोलायला हवीत, उद्या नासतील."

ही गोष्ट पुढे आमच्या लोकांत बरीच फिरली. इथल्या चर्चमध्ये तिच्यासाठी ठेवलेल्या मिस्सानंतर चहा पिताना एक बाई मला म्हणाल्या, "बायको घरात निजलेली, आणि हा माणूस फळं सोलायचं मशीन फिरवत बसला?" उत्तर द्यायचं तर मावशी कोण होती तिथपासून सांगावं लागलं असतं, आणि तेवढा चहा कुणाच्या कपात नव्हता.

रेजिनामावशी माझ्या आईची मावसबहीण, वसईची. मॉन्ट्रियलला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिने नोकरी केली, काका विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. नोकरीपायी दोघं फ्रेंच शिकले. निवृत्तीनंतर ते आमच्या जवळ राहायला आले आणि त्याच वर्षी काकांनी फ्रेंच बोलणाऱ्या ग्वादलूप बेटावर, ज्वालामुखीच्या उतारावर, जुन्या कॉफीझाडांची अडीच एकर जमीन घेतली. हिवाळा तिथे, उन्हाळा इथे असा बेत. तणनाशक नाही, फवारणी नाही, रासायनिक खत नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं. मावशीला यातलं काही पसंत नव्हतं. "लोक विंटरमध्ये समुद्र बघायला जातात, ह्यांना गवत उपटायला जायचंय," ती म्हणायची. तिने एका हंगामाची मुदत दिली. पीक चांगलं निघालं तर जमीन ठेवायची, नाहीतर विकायची.

पहिल्याच हंगामात काकांनी घोळ घातला. वसईच्या माणसाला फळ सुकवायचं म्हटलं की सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आठवते. त्यांनी कॉफीची लाल फळं सालीसकट बांबूच्या तट्ट्यांवर जाड पसरली आणि ऊब धरावी म्हणून रात्री वर केळीची पानं घातली. त्या उतारावर जवळजवळ रोज दुपारी पाऊस शिंतडतो. आठवड्याभरात फळांना बुरशी आली आणि अंगणभर शिरक्यासारखा आंबट वास सुटला. मी नाताळच्या सुट्टीत तिथेच होतो. मावशीने मूठभर फळं नाकाशी धरली. मला वाटलं, जमीन विकली आता. ती म्हणाली, "अहो, सुकेळी सोलून सुकवतात. माझ्या माहेरी अख्खी वाडी हेच करायची. ह्या फळांची सालं कोण काढणार, तुमचे आजोबा?" नासलेलं सगळं तिने खताच्या ढिगावर टाकायला लावलं आणि झाडांवर राहिलेलं पीक स्वतःच्या हातात घेतलं. त्यानंतर मुदतीचा विषय तिच्या तोंडून कधी निघाला नाही.

काम ऐकायला सोपं आहे. हातयंत्रातून फळांची साल काढायची, चिकट बिया टबात रात्रभर ठेवायच्या, आंबून चिकटा सुटला की धुवायच्या, मग पातळ थरात वाळवायच्या. खरी अडचण आंबवण्याची. कमी आंबलं तर चिकटा राहतो आणि बी बिघडते, जास्त आंबलं तर कपात आंबटपणा उतरतो. मी विचारलं, "किती तास?" "तासांवर नसतं," ती म्हणाली. गार रात्री वेळ जास्त लागतो, उबेच्या रात्री कमी. ती कोपरापर्यंत हात टबात घालायची आणि बिया मुठीत चोळायची. बुळबुळीत लागल्या तर थांबायचं, खड्यांसारख्या खरखरल्या की "धुवा" म्हणायची. मी थर्मामीटर घेऊन बसलो. "तू मोज रे," ती म्हणाली, "तुझं होईपर्यंत मी धुऊन वाळत घालते."

सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो हिरवी बी निघते, भाजल्यावर तीही घटते. कीड फळात शिरून बी पोखरते. फवारायचं नाही म्हणजे झाडाखाली पडलेलं प्रत्येक फळ वेचायचं. गुडघे गेलेले असताना मावशी बुटकं स्टूल घेऊन झाडाझाडाखाली सरकत हे करायची. आणि स्वतः चहा प्यायची. कॉफी फक्त चाखून थुंकायची.

आम्ही पोचलो तेव्हा त्या दिवसाची बी धुऊन वाळत पडली होती. "तिने तोडलेली," काका म्हणाले, "टाकू कशी? टबात हात घातला, पण काही कळेना. उजाडेपर्यंत थांबलो, मग धुतली." तिला तिथल्याच चर्चच्या दफनभूमीत ठेवलं. संध्याकाळी शार्लीन म्हणाली, "डॅड, जस्ट सेल इट. यू कान्ट डू धिस अलोन." काका म्हणाले, "हे पीक वाळू दे. कपात कसं उतरतं बघतो, मग सांगतो."

गेल्या आठवड्यात ते इथे परत आले. सोबत त्या दिवसाची बी वेगळी बांधून आणली होती. बेसमेंटमध्ये छोट्या यंत्रावर त्यांनी ती भाजली, निवू दिली, दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावून कॉफी केली. मी पहिला घोट घेतला.

"खरं सांग," काका म्हणाले.

"आंबट आहे. थोडी, पण आहे."

शार्लीनने माझ्याकडे रागाने पाहिलं. काकांनी मान हलवली. "उशीर झाला. तिने अंधारातच धुवायला लावली असती." मग त्यांनी उजवा हात पुढे धरला आणि अंगठा बोटांवरून सावकाश फिरवला, टबातली बी चोळावी तसा... "पण उशीर हाताला कसा लागतो ते कळलं," ते म्हणाले. "आता पुढच्या वेळी त्याच्या आधीच धुवायचं."

जमीन विकण्याचं शार्लीनने पुन्हा काढलं नाही. कॉफी तिलाही आंबट लागली असणार. तिने कप संपवला आणि पुन्हा भरायला पुढे केला.