भिंतीतले भाऊसाहेब

कॅमेरा दिसला की भाऊसाहेब टोपी सारखी करून समोर उभे राहायचे, मग तो त्यांच्यासाठी असो वा नसो. माझ्या हातात तर कॅमेराही नव्हता. अंबडला त्यांच्या घराचं नूतनीकरण चाललं होतं. उघड्या भिंतींतले पाइप, वायरी प्लास्टरखाली जाण्याआधी लेझर स्कॅनर घेऊन घरभर फिरायचं, म्हणजे कुठे काय दडलंय ते पुढे कॉम्प्युटरवर दिसतं, एवढंच माझं काम.

"भाऊसाहेब, बाजूला व्हा. मला भिंत हवीय."

"भिंत कुठं पळून राह्यली का? मालकाबिगर घर बराबर दिसत न्हाई, पोरी." मग बायकोला हाक, "ये की गं तू पण!"

"मला न्हाई बाई फोटो," म्हणत माई दाराआड.

मी पुढच्या खोलीत गेले की स्वारी तिथे हजर! आणि उभं राहायचं तर हाताला धरायला काहीतरी लागायचंच. स्कॅन साफ करताना आम्ही माणसं पुसतो, पण यांच्यामागे भिंतच उमटली नव्हती. पुसलं तर भोक पडायचं. राहू दिले, काय करता!

लेकीची हळद तोंडावर आली आणि स्वयंपाकघराची नवीकोरी टाइल लावलेली भिंत पाझरायला लागली. प्लंबर म्हणाला, सगळी फोडावी लागेल. माईंचा जीव टांगणीला लागला. आचारी येणार, पाहुणे येणार, आणि घरात राडारोडा! मी जालन्याहून लॅपटॉप घेऊन धावले. स्कॅन उघडला, तर नेमके त्याच भिंतीपुढे भाऊसाहेब, छाती काढून. मला रडू यायचंच बाकी होतं.

"माझा हात बघ," ते माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे वाकून म्हणाले. "कशाला धरलंय?"

बघितलं. पाइपाच्या जोडावर मूठ, आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर. त्या मुठीपुढची एकच टाइल काढली. जोड तिथेच होता, खिळखिळा झालेला.

"म्हंजे ही गळती तुमीच लावली!" माई कडाडल्या.

"मी व्हतो म्हणून सापडली की न्हाई?" भाऊसाहेब बिलकुल खजील नव्हते. हळद थाटात झाली.

यंदा ते गेले. तेराव्यानंतर माईंनी मला बोलावलं. "त्या मशीनमधले दाखव गं."

मी एकेक खोली उघडत गेले. बैठकीत भाऊसाहेब, जिन्यात भाऊसाहेब, न्हाणीघरातसुद्धा टोपी घालून भाऊसाहेब. माई पदर तोंडाला लावून हसत होत्या. स्वयंपाकघर आलं तसं त्यांनी पडद्यावरच्या त्या मुठीवर बोट ठेवलं.

"ये म्हणत व्हते मला," त्या म्हणाल्या. "मी गेले असते, तर मंग पाइप कशाला धरला असता त्यांनी?"